माथ्यावरची पंधरा मिनिटं

सहा किलोमीटरचा चढ संपतो तिथे रस्त्याच्या कडेला थोडी सपाट जागा होती. पाचसहा सायकली कठड्याला टेकवलेल्या, हेल्मेटं हँडलला अडकवलेली, घाम वाळून कपाळांवर मिठाच्या बारीक रेघा उमटलेल्या. गप्पा चांगल्या रंगल्या होत्या. मग खालच्या वळणावर एक सायकल दिसली. हळू, अगदी हळू, पण कुठेही न थांबता वर येणारी. वेग फार उतरला की पुढचं चाक डावी-उजवीकडे डुगडुगायला लागतं, तसं ते डुगडुगत होतं. मोठ्या खंडानंतर सायकलवर परतलेल्या एक बाई माथ्यावर पोचल्या, एक पाय जमिनीला टेकवला, बाटली काढली आणि तिची तोटी दातांनी ओढली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आल्या का ताई? चला मग, निघू या." लगेच हेल्मेटं डोक्यावर चढली, बूट पॅडलमध्ये खटाखट अडकले आणि घोळका उताराला लागला. बाईंनी एक घोट घेतला, बाटली परत जागेवर खोचली आणि त्या मागोमाग निघाल्या.

यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. मंडळी थांबली होती, आणि न थांबता पुढे निघून जाणारे घोळके कितीतरी असतात. "ताई" म्हणणाऱ्याच्या आवाजात आपुलकीच होती. तरी ते दृश्य मनातून जात नाही, कारण त्याचा हिशेब फार सरळ आहे. पुढचे ताशी १२ किलोमीटरने चढले असतील तर त्यांना अर्धा तास लागला. बाई ताशी ८ ने चढल्या, त्यांना पाऊण तास लागला. अर्धा तास कष्ट केलेल्यांना पंधरा मिनिटं विसावा मिळाला, आणि पाऊण तास कष्ट केलेल्या बाईंना एक घोट पाणी. पुढच्या चढावरही हेच होणार, फक्त आता त्या अधिक दमलेल्या असतील आणि अंतर आणखी वाढेल. दोन-तीन रविवार असे गेले की सायकल पुन्हा भिंतीला लागते. मग लोक म्हणतात, जिद्द कमी पडली.

जिद्द कमी पडत नाही. ती गळते.

टायर रात्री टणक असतो आणि सकाळी अंगठ्याखाली मऊ लागतो, तसं हे आहे. काटा कुठेच दिसत नाही. अशा वेळी ट्यूब बाहेर काढून थोडी फुगवायची, पाण्याच्या बादलीत बुडवायची आणि वीत-वीत पुढे सरकवत बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. पुष्कळदा ते व्हॉल्व्हच्या बुडाशीच सापडतात, जिथे आधी कुणी पाहिलेलं नसतं. मोठ्या खंडानंतर सायकलवर परतलेल्या, मुळातच सावकाश चालवणाऱ्या माणसाची उमेदही अशीच बारीक छिद्रांतून जाते. त्यातली बहुतेक छिद्रं मनात नसतातच. काही सायकलमध्ये असतात, काही हिशेबात, काही सोबतीत. आणि मनाला दोष देत बसलं की ती शोधायची राहून जातात.

सायकलपासूनच सुरुवात करू. बरीच वर्षं उभी राहिलेली सायकल बाहेर काढली की आधी वास येतो, जुन्या रबराचा आणि सुकलेल्या तेलाचा. हवा भरली की चाकं गोल दिसतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पण टायरची बाजू अंगठ्याने वाकवून बघावी. कोरड्या तळ्याच्या तळासारख्या बारीक भेगा दिसल्या आणि त्यातून आतले धागे डोकावत असले तर तो टायर गेला. सायकल वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून उभी असेल तर नेमक्या त्या जागी भेग आधी पडते. टायर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला, असेल तर आतलं सीलंट, म्हणजे छिद्रं बुजवणारा द्रव, काही महिन्यांतच वाळतं आणि त्याची नुसती साय उरते. हवा किती भरायची यातही एक जुनी सवय आड येते. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तिथपर्यंत भरायचंच असं नसतं. ७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७० पीएसआयच्या (हे हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा पुरते, ३२ च्या टायरला ५५ ते ६०. त्याहून टणक टायर खडबडीत रस्त्यावर पळत नाही, उसळतो. त्या उसळण्याने तळहात आणि मान आधी दमतात, आणि घरी आल्यावर वाटतं की आपल्याला आता सायकलच झेपत नाही.

मग चाक उचलून हाताने फिरवावं आणि कान द्यावा. दर फेऱ्याला एकदाच 'सर्र' आलं तर रिम किंवा डिस्क एका जागी वाकडी आहे. एकसारखी घासघूस येत असेल तर ब्रेक पूर्ण सुटत नाही. केबल आत गंजलेली असते किंवा एका बाजूची स्प्रिंग ढिली पडलेली असते. व्ही-ब्रेकला, म्हणजे दोन दांड्यांनी रिम दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकला, दोन्ही दांड्यांच्या बुडाशी एकेक छोटा स्क्रू असतो. जी बाजू घासते तिचा स्क्रू अर्धा फेरा आत घेतला की स्प्रिंग ताणली जाते आणि पॅड रिमपासून दूर सरकतं. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरचे, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या चिमट्याचे, दोन बोल्ट सैल करायचे, ब्रेक दाबून धरायचा, तसाच धरून बोल्ट आवळायचे. कॅलिपर आपोआप मधोमध येतो. चाक आवाज न करताच लवकर थांबत असेल तर ते काढून अक्ष बोटांनी फिरवावा. वाळू चाळल्यासारखी खरखर लागली की आतलं ग्रीस संपलं असं समजावं. चेनचं मोजमाप साधी पट्टीही करते. पिनेपासून पिनेपर्यंत २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. दीड मिलिमीटर जास्त भरल्या तर चेन बदलायची, नाहीतर ती मागची चक्रंही खाते. तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब, मग पॅडल उलटं फिरवायचं, आणि नंतर बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसून घ्यायचं. हे पुसणं बरेच जण विसरतात, आणि त्या ओल्या तेलाला धूळ चिकटून चेन आठवड्याभरात काळी होते.

हे सगळं इतकं तपशिलात सांगण्याचं कारण एक साधी वजाबाकी आहे. समजा घासणारा ब्रेक आणि कोरडी चेन मिळून पायांच्या ताकदीतले १० वॉट खातात. २५० वॉटने चालवणाऱ्याचा तो पंचविसावा भाग. त्याला पत्ताही लागणार नाही. १०० वॉटने चालवणाऱ्याचा मात्र दहावा भाग गेला. सायकलमधला दोष सगळ्यांकडून सारखंच वसूल करतो, म्हणून ज्याच्याकडे थोडं आहे त्याला तो जास्त लागतो. सावकाश चालवणाऱ्याची सायकल वेगवान माणसाच्या सायकलपेक्षा जास्त निगराणीत असायला हवी. प्रत्यक्षात दिसतं उलट. "आपल्याला कुठे शर्यत जिंकायचीय" म्हणत तो घासणारा ब्रेक तसाच ठेवतो आणि महिनाभर स्वतःच्या मांड्यांना नावं ठेवतो.

आता शरीर. व्यायामाचे अभ्यासक एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांचा १९८४ सालचा एक अभ्यास या बाबतीत धीर देणारा आहे. वर्षानुवर्षं कसून सराव केलेल्या लोकांनी सराव पूर्ण थांबवला, आणि त्यांची शरीरात जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता किती उतरते ते ८४ दिवस मोजलं गेलं. पहिल्या २१ दिवसांतच ती ७ टक्के उतरली. सुमारे ५६ दिवसांपर्यंत घट १६ टक्क्यांवर गेली आणि तिथे स्थिरावली. पहिली घसरण मुख्यतः हृदय दर ठोक्याला किती रक्त ढकलतं त्यातली होती. स्नायूंमधल्या केशवाहिन्यांचं जाळं मात्र त्या तीन महिन्यांत विरळ झालं नाही. खंड वर्षांचा असेल तर घट याहून मोठी असणार, वय आणि वजनही मध्ये आलेलं असणार. पण यातला क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. जे चटकन जातं तेच चटकन परतही येतं. पुन्हा सुरुवात केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातलं पाण्याचं प्रमाण वाढतं, हृदयाला दर ठोक्याला जास्त रक्त मिळतं, आणि त्याच रस्त्यावर धाप कमी लागते. माणूस हरखतो. इथेच पाय घसरतो, कारण दम परत आला म्हणून गुडघे परत आलेले नसतात. स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा फार सावकाश तयार होतात, त्यांना महिने लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम म्हणतो "चल" आणि गुडघा म्हणतो "थांब". त्या वेळी ऐकायचं गुडघ्याचं.

गुडघा कुठे दुखतो तेही बघावं. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट खाली असते किंवा गिअर जड असतो. मागे, लवणीत दुखत असेल तर सीट बहुधा वर गेलेली असते. सीटची उंची बघायची जुनी रीत अजूनही चालते. पॅडल सगळ्यात खाली आणून त्यावर टाच ठेवावी, पाय सरळ व्हावा पण कंबर एका बाजूला झुकू नये. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप येतो. बदल करताना एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त करू नये आणि दोन-तीन फेऱ्या त्यावर काढाव्यात. खंडाआधीची खूण सीटच्या दांड्यावर असतेच, चरा पडलेला असतो. पण ते मोजमाप त्या वेळच्या कंबरेचं आणि त्या वेळच्या लवचिकतेचं. हँडल सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर घ्यायला अजिबात कचरू नये.

सायकल चालवणं विसरता येत नाही असं म्हणतात, आणि ते खरं आहे. परतणाऱ्याची खरी अडचण त्यातूनच निघते. तोल तोच असतो, वळण घेताना खांदा तसाच झुकतो, चढ दिसला की अंगठा आपोआप गिअरवर जातो. हाताला, कानाला सगळं आठवतं. म्हणून पहिल्याच सकाळी पाय जुन्या वेगाने निघतात, जुन्याच रस्त्याला लागतात, आणि दहा मिनिटांनी छातीत भाता फुंकल्यासारखं होतं. नवशिक्याचं असं होत नाही. त्याचं कौशल्य आणि दम एकत्रच वाढतात. परतलेल्या माणसाचं कौशल्य दहा वर्षं पुढे उभं असतं आणि दम मागून धापा टाकत येत असतो, परत त्या माथ्यावरच्या घोळक्यासारखं. यावर उपाय म्हणून पहिली दहा मिनिटं मुद्दाम हास्यास्पद वाटतील इतकी हलकी ठेवावीत. त्यानंतरही एक अख्खं वाक्य मध्ये श्वास न घेता बोलता आलं पाहिजे. दोनच शब्द निघत असतील तर वेग जास्त आहे. पहिले सहा-आठ आठवडे जवळजवळ सगळं चालवणं याच हद्दीत असावं. आणि शक्यतो जुना रस्ता टाळावा. त्याच्या प्रत्येक वळणावर जुन्या वेळा उभ्या असतात.

आकड्यांचं छिद्र सगळ्यात मोठं. हँडलवरच्या यंत्रावर सरासरी वेग दिसत असतो आणि माणूस दर मिनिटाला त्याच्याकडे बघतो. ही सरासरी फार फसवी आहे. १० किलोमीटर चढ ताशी १० ने चढला आणि तेच १० किलोमीटर उतरताना ताशी ४० ने आला, तर सरासरी किती? मन म्हणतं २५. हिशेब म्हणतो १६. चढायला ६० मिनिटं लागली, उतरायला १५. एकूण २० किलोमीटर, सव्वा तास. उतारावर जीव मुठीत धरून ५० ने आलं तरी वाचतात फक्त तीन मिनिटं. सरासरी वेग वेळेने ठरतो, आणि सावकाश माणसाचा वेळ बहुतेक सगळा चढावर आणि समोरच्या वाऱ्यात जातो. वाऱ्याचा हिशेब तर याहून कडक. सपाट रस्त्यावर हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी २० वरून २५ वर जायचं तर हवेपुरती ताकद जवळपास दुप्पट लागते. म्हणजे जो २५ ने पुढे निघून गेला तो दिसतो सव्वापट वेगवान, पण तेवढ्यासाठी त्याने हवेवर जवळपास दुप्पट शक्ती ओतलेली असते. हेच उलट बाजूने पाहिलं तर आपली ताकद दहा-पंधरा टक्के वाढली तरी आकडा जेमतेम एखाद्या किलोमीटरने हलतो. महिनाभर मेहनत करून ताशी १९ चे २० झाले म्हणून जो खट्टू होतो, त्याने प्रत्यक्षात बरंच कमावलेलं असतं. ते वेगाच्या आकड्यात मावत नाही एवढंच.

म्हणून यंत्रावरचा सरासरीचा रकाना काढून टाकावा आणि तिथे फक्त वेळ ठेवावी. किलोमीटर मोजून निघालं की सावकाश माणसाला प्रत्येक ठरलेलं अंतर जास्त महाग पडतं. तेच ३० किलोमीटर कुणाला सव्वा तासाचे, कुणाला दोन तासांचे. शरीराला किलोमीटर कळत नाहीत, त्याला मिनिटं कळतात. वीस मिनिटं जायचं, वीस मिनिटं यायचं, आठवड्यातून तीनदा. वारा असेल तर जाताना समोर घ्यायचा, परतताना तो पाठीशी असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तीनपैकी एक फेरी दहा मिनिटांनी वाढवायची, बाकी दोन तशाच. चौथा आठवडा मुद्दाम हलका. स्ट्राव्हासारख्या फेऱ्या नोंदवणाऱ्या ॲपवर जुनी नोंद असेल तर तिचं काय करायचं हा नाजूक प्रश्न आहे. पुसू नये, ती आयुष्याची नोंद आहे. पण तुलनेसाठी नवी वही उघडावी, परतल्याच्या तारखेपासूनची. त्यात वेगाऐवजी लिहावं की अमक्या पुलाच्या चढावर कुठला गिअर लागला, आणि वर पोचल्यावर श्वास किती वेळात जाग्यावर आला. पहिल्या आठवड्यात चार मिनिटं लागत होती आणि सहाव्यात दीड, ही प्रगती फार खरी असते. ती दुसऱ्या कुणाच्या नोंदीशेजारी ठेवताच येत नाही, हेही बरंच.

गिअरबद्दल थोडं अधिक सांगायला हवं.

बऱ्याच रोड सायकलींना पुढे ३४ दातांचं छोटं चक्र आणि मागे सगळ्यात मोठं २८ दातांचं असतं. चाकाचा घेर २.१ मीटर धरला तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर जाते. आता ५ टक्के चढ घ्या, माणूस, सायकल आणि पाणी मिळून ८५ किलो. ताशी ८ ने चढायला १०० वॉटच्या थोडं वर लागतं, आणि तेवढीच ताकद आज पायांत आहे असं समजू. त्या वेगाला ३४-२८ वर पॅडल मिनिटाला फक्त ५२ वेळा फिरतात. प्रत्येक फेरा दाबून, रेटून काढावा लागतो. मांडी जळते, कंबर डुलते, हात हँडल ओढायला लागतात. मागे ३४ दातांचं चक्र बसवलं की त्याच वेगाला, त्याच ताकदीला, ६३ फेरे होतात आणि दर फेऱ्याचा जोर साधारण १८ टक्क्यांनी उतरतो. पुढे ३० चं चक्र असेल तर फेरे ७२. वेग तोच, चढ तोच, पण माथ्यावर पोचणारा माणूस वेगळा. दाबून चढलेला गुडघे धरून उभा राहतो, फिरवत चढलेला बोलू शकतो. कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलताना मागचं डिरेल्युर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, एवढं मोठं चक्र पेलतं का ते आधी बघावं. चेन ताणून धरणारा त्याचा पिंजरा आखूड असेल तर पुष्कळदा पेलत नाही. चेनही लांब लागते. पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावर, डिरेल्युर वगळून, चेन गुंडाळून बघायची आणि त्यावर दोन कड्या जास्त ठेवायच्या. जुनीच चेन ताणून बसवली तर एखाद्या दिवशी मोठा-मोठा गिअर पडतो आणि डिरेल्युर मोडतं. सगळ्यात हलक्या गिअरला लोक उगाच कमीपणाचा मानतात. ताकदवान माणूस कुठल्याही गिअरवर चढतो, हलका गिअर बनवलाच आहे तो दम राखून चढणाऱ्यासाठी. खंडानंतर परतणाऱ्याने एकच सुटा भाग विकत घ्यायचा असेल तर तो हा घ्यावा. हलकी चाकं, कार्बनची फ्रेम, हे सगळं नंतर.

सीटच्या दुखण्याने किती जण परत फिरतात याची मोजदाद कुणी करत नाही. पहिले आठ-दहा दिवस बैठकीची दोन हाडं दुखतात, तिथल्या मांसाला सवय राहिलेली नसते. ते दुखणं रोज थोडं चालवून जातं, आणि मध्ये आठवडा गेला की परत पहिल्यापासून सुरू होतं. पण दुखणं वेगळं आणि बधिरपणा वेगळा. मधल्या नाजूक भागात मुंग्या आल्या, सुन्न वाटलं, तर ते सोसायचं नाही. सीटचं नाक एक-दोन अंश खाली करायचं, उंची पाच मिलिमीटर उतरवायची, तरी गेलं नाही तर सीट बदलायची. पॅड असलेली चड्डी घालायची तर तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. आतल्या कपड्याची शिवण नेमकी घासते त्याच जागी फोड येतो. हे कुणी सांगत नाही, संकोच वाटतो, आणि माणूस गुपचूप सायकल सोडतो.

आणि मग सोबत. एकट्याने चालवण्यात एक सुख आहे. पहाटेच्या अर्धवट उजेडात फ्रीव्हीलची टिकटिक, टायरखाली खडी करकरते तेवढाच आवाज, आणि सूर्य पाठीशी आला की पुढे पडलेली आपलीच लांब सावली, जिला गाठायची घाई नसते. तिथे मागे पडणं हा प्रकारच नाही. पण एकट्याने रोज घराबाहेर पडायला फार बळ लागतं. पाच वाजता कोपऱ्यावर कुणीतरी उभं असणार, एवढ्या एका गोष्टीने कितीतरी सकाळी वाचतात. म्हणून घोळका हवासा वाटतो, आणि घोळक्यात गेलं की दोन तास कुणाच्या तरी मागच्या चाकाकडे बघण्यात जातात. ही ओढाताण खरी आहे, तिच्यावर एकच उत्तर नाही. आठवड्याच्या तीन फेऱ्यांतल्या दोन एकट्याने आणि एक सोबत, ही वाटणी बऱ्याच जणांना मानवते.

घोळक्यात सावकाश माणसाची जागा शेवटची असते, कारण तो आपोआप मागे पडतो. खरं तर त्याची जागा दुसऱ्या क्रमांकाची हवी. सपाट रस्त्यावर पुढच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून चालवलं की हवेचा बराच भार पुढचा उचलतो. आठव्या क्रमांकावरही हवा वाचते, पण तिथे दुसरंच संकट येतं. पुढे प्रत्येकाने वळणावर जरासा वेग उतरवला आणि पुन्हा घेतला की शेवटच्या माणसापर्यंत ते हिसके ताणलेल्या रबरासारखे वाढत जातात. त्याला दर वळणानंतर पळावं लागतं. ज्याच्याकडे पळायला सगळ्यात कमी उरलंय, नेमकं त्यालाच. चढावर हवेचा प्रश्न मिटतो, ताशी ८ च्या वेगात कुणाच्याही आडोशाचा उपयोग नाही. तिथे प्रत्येकाने आपापल्या गतीने चढावं आणि माथ्यावर भेटावं, हेच योग्य. मागून येणाऱ्याच्या शेजारी राहून "थोडंच राहिलं" म्हणत बसू नये. त्याला उत्तर द्यायला श्वास खर्च करावा लागतो.

सायकलच्या जगात शेवटी येणाऱ्याला मान देणारी एक जुनी पद्धत आहे, ती ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांची. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. या मुदतीत जो पोचला तो पोचला. पहिला-दुसरा असा क्रमांक कुणाला देत नाहीत. आठ तासांत आलेला आणि तेरा तास पंचवीस मिनिटांनी आलेला, दोघांची नावं एकाच यादीत येतात. त्या तेरा तासवाल्याने पाच तास जास्त ऊन खाल्लेलं असतं, पाच तास जास्त तळहात हँडलवर टेकवलेले असतात. लांब पल्ल्याच्या लोकांना हे ठाऊक असतं, म्हणून रात्री उशिरा शेवटच्या ठाण्यावर आलेल्या माणसाला ते आधी बसायला देतात.

खंड परत पडतोच. पाऊस लागतो, ताप येतो, घरात कुणाचं आजारपण निघतं. दहा दिवस गेले की अकरावा दिवस फार जड होतो. त्या दिवसासाठी सायकल तयार ठेवणं हाच उपाय आहे. टायरमध्ये हवा, दिवा चार्ज केलेला, कपडे एका जागी. सकाळी पंप शोधायला लागला तर त्या सकाळी कुणी निघत नाही. आणि परतल्यानंतरची पहिली फेरी नेहमीच्या निम्मी. ताप येऊन गेला असेल तर पूर्ण बरं वाटल्यावरही दोन दिवस थांबून.

त्या माथ्यावर परत येऊ. तिथे वेगळं काय व्हायला हवं होतं ते फार थोडं आहे. शेवटच्याचा पाय जमिनीला टेकला की विसाव्याचं घड्याळ सुरू. आधी आलेल्यांची मिनिटं यात धरायची नाहीत. त्यांना थंडी वाजायला लागली तर अंगात जाकीट घालावं, कंटाळा आला तर दोन वळणं खाली जाऊन पुन्हा चढून यावं, पायांत तेवढं उरलेलं असतंच. बाई कठड्यावर बसतात. हातमोजे काढतात, तळहातावर शिवणीचे लाल वळ उमटलेले असतात, ते थोडा वेळ चोळतात. बाटली अर्धी संपते. मान वळवून त्या खाली बघतात. आत्ता चढून आलेला रस्ता एकावर एक घड्या पडल्यासारखा दिसत असतो, आणि वर येताना तो एकदाही बघितलेला नसतो, तेव्हा नजर पुढच्या चाकासमोरच्या तीन हातांवर खिळलेली होती. कुठल्या वळणावर हलका गिअर टाकला ते त्या बोटाने शोधतात. हेल्मेटं अजून हँडललाच लटकलेली आहेत, कुणी हात लावलेला नाही. दहा मिनिटांनी कुणीतरी विचारतं, "ताई, निघायचं का? की बसू या अजून?"

आणि उत्तर येईपर्यंत कुणी उठत नाही.